कूलंट संपतंय, पण खाली एक थेंब नाही. जातंय कुठे?

लिंबूटिंबू_चालक | 6 जुलै, रात्री 9:40

मंडळी, जरा मदत हवी आहे.

गाडी 2006 ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 18 हजार किलोमीटर झालेली. 2021 मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा पुन्हा पासिंग करून पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन वाढवून घेतलंय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर दुसऱ्या प्रतिसादापासून 'अमुक कंपनी की तमुक' सुरू होईल आणि माझं कूलंट बाजूला राहील.

तक्रार अशी. बॉनेटखालची कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पांढरी बाटली 'फुल'च्या रेघेपर्यंत भरली की दहा दिवसांत 'लो'च्या खाली जाते. म्हणजे साधारण पेलाभर. तापमानाचा काटा कधीच निम्म्याच्या वर गेलेला नाही. रोजचं जाणं-येणं वारजे ते कॅम्प, एवढंच. पार्किंगमधली फरशी पांढरी आहे, तरी खात्री करावी म्हणून दोन रात्री खाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी पेपर कोरडा ठणठणीत.

तीन गॅरेजं झाली. पहिला म्हणाला, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, हेड खोलावं लागेल, 22 हजार. दुसरा म्हणाला, रेडिएटरच बदला, साडेपाच हजार. तिसरा म्हणाला, "काका, पाणी टाकत राहा की, काय होतंय!"

20 तारखेला आईला घेऊन वाईला जायचंय. खंबाटकी घाट चढायचा आहे. तोवर काय करू?

---

चौथा_गिअर | 6 जुलै, रात्री 9:52

विका.

---

शनिवारपेठी | 6 जुलै, रात्री 10:05

वर्तमानपत्र कुठलं होतं? काही पेपरांत हल्ली काहीच मुरत नाही.

---

पानापक्कड | 6 जुलै, रात्री 11:15

पंचवीस वर्षं हेच काम करतोय म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. (गॅरेजचं नाव विचारू नका, इथल्या नियमात बसत नाही.)

आधी हेड खोलायला कुणालाही 'हो' म्हणू नका. पेलाभर पाणी दहा दिवसांत, काटा जागेवर, गाडी ओढायला ठीक, एवढ्यावरून हेड गॅस्केट ठरवणं म्हणजे शिंक आली म्हणून छातीचं ऑपरेशन.

खालच्या गोष्टी उद्या सकाळी बघून सांगा. गाडी पूर्ण थंड असताना. गरम गाडीचं रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही म्हणजे नाही. आत दाब असतो, वाफ आणि उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. माझ्या उजव्या मनगटावर अजून खूण आहे, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मालक 'थांब' म्हणत होते.

तर, थंड गाडीत रेडिएटरचं टोपण उघडा आणि आतली पातळी बघा. नुसत्या बाटलीवर विसंबू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असंही होतं. टोपणाच्या आतलं रबर फुगलंय का, चिरलंय का, तेही बघा. त्या टोपणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब वाढला की पाणी बाटलीकडे सोडतो, दुसरा गाडी थंड झाली की बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. पहिला ढिला पडला तर पाणी बाटलीतून उतू जातं. दुसरा अडकला तर सकाळी वरचा होजपाइप आत चिमटलेला दिसतो.

मग ऑइलचं झाकण. आतून कॉफीच्या फेसासारखं काही दिसतंय का? थोडंसं दिसलं तर घाबरू नका. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत पावसाळ्यात नुसत्या दमटपणानेही तसं होतं. पण डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर गाडी चालू करू नका.

सकाळी स्टार्ट केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, इंजिन तापल्यावरही येतच राहतो का? आणि थंड इंजिन सुरू केल्या केल्या, मिनिटभराच्या आत, वरचा होज दगडासारखा कडक होतो का? होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यायला जागा आहे.

डावीकडच्या सीटपुढचं कार्पेटही हाताने दाबून बघा. ओलं आहे का, गोडसर वास येतो का.

---

दोन_मांजरांची_आई | 7 जुलै, सकाळी 7:20

कार्पेटच्या मुद्द्याला +1. आमच्या जुन्या गाडीत डाव्या बाजूला ओल यायची. सगळे म्हणाले एसीचं पाणी, नळी तुंबली असेल. नळी दोनदा साफ करून झाली. तिसऱ्यांदा मी स्वतः वाकून वास घेतला तर गोड, आणि बोटांना तेलकट. एसीचं पाणी असं नसतं, त्याला रंग नसतो, वास नसतो. पावसात काचेवर आतून जी वाफ धरायची तीही पुसली की चिकट फराटे उठायचे. शेवटी निघालं काय, तर डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर. पुण्यात आम्ही हीटर उभ्या जन्मात लावला नव्हता, पण पाणी त्यातून फिरतच असतं.

आणि एक कळकळीची विनंती. कूलंट गोड असतं आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवून चहाला जाऊ नका. मांजरं, कुत्री चाटतात, आणि थोडंसंसुद्धा त्यांच्या मूत्रपिंडांवर जातं.

---

खडकवासला_कालवा | 7 जुलै, सकाळी 8:10

मला एक कळत नाही. कूलंट हे मुळात थंड देशातलं खूळ आहे. पाणी गोठू नये म्हणून ते लोक टाकतात. पुण्यात बर्फ पडतो का? आमच्या वडिलांनी तीस वर्षं साधं नळाचं पाणी टाकलं. पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, हे शाळेत शिकलोय. तिसरा मेकॅनिकच शहाणा होता.

---

रसायनशाळा | 7 जुलै, सकाळी 9:35

@खडकवासला_कालवा, अर्धं बरोबर. नुसतं पाणी खरंच कूलंटच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता धरतं. पण बाकीचं अर्धं सोडून दिलंत.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. इथे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांना उकळतं, महाबळेश्वरला आणखी दोन-अडीच अंश आधी. इंजिनातलं पाणी नव्वदीच्या घरात असतंच, म्हणजे सिग्नलला दहा मिनिटं अडकलात की उकळी. म्हणून टोपणावर दाब ठेवतात. तुमच्या टोपणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असेल, तो दाब. कुकरचंच तत्त्व. 0.9 चा दाब टिकला तर इथे पाणी 118 च्या आसपास उकळेल. त्यात निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) असेल तर आणखी वर.

दुसरं म्हणजे गंज. कूलंटमध्ये ग्लायकॉलइतकीच महत्त्वाची असतात ती गंजरोधक रसायनं. ब्लॉक बिडाचा किंवा अॅल्युमिनियमचा, रेडिएटर अॅल्युमिनियमचा, मधले पाइप लोखंडाचे. एवढे धातू एका पाण्यात भिजत ठेवल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. वडिलांच्या गाडीत बहुधा पितळी रेडिएटर होता, आणि तो दर दोन-तीन वर्षांनी डाग लावायला जात असणार. आठवून बघा.

आणि म्हणूनच धागाकर्त्यांना सांगणं, गळती लहान असली तरी ती फक्त पेलाभर पाण्याची नाही. गळतं तिथून दाबही निसटतो. घाटात नेमका तोच लागतो.

---

खडकवासला_कालवा | 7 जुलै, सकाळी 9:50

डाग लावायला जायचा, हे खरं आहे. वर्षाआड.

---

रंकाळा_चौपाटी | 7 जुलै, दुपारी 1:15

भावांनो एवढं कशाला? आमच्याकडं ट्रकवाले रेडिएटरमदी हळद टाकत्यात. दोन चमचे. भोक बुजतंय. लई जुना उपाय हाय.

---

शनिवारपेठी | 7 जुलै, दुपारी 1:22

मग मोहरी, हिंग, कढीपत्ता?

---

पानापक्कड | 7 जुलै, दुपारी 4:30

हसू नका, हळदीने बारीक भोक खरंच बुजतं. अंड्याचा पांढरा बलकही टाकतात. रस्त्यात अडकलेल्या ट्रकवाल्याला गावापर्यंत पोचवायला ठीक. पण ती हळद भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे विचारून बसत नाही. बाजारात बाटलीत मिळणारं 'लीक स्टॉप' असतं त्याचंही तसंच. मी असे रेडिएटर कापून बघितलेत, आत पिवळा चिखल. हीटरच्या नळ्या तर पहिल्या तुंबतात.

---

ईव्ही_वाला | 7 जुलै, संध्याकाळी 6:02

हे सगळं वाचून मला इलेक्ट्रिक गाडी घेतल्याचा आनंद होतोय.

---

रसायनशाळा | 7 जुलै, संध्याकाळी 6:20

बऱ्याच ईव्हींमध्ये बॅटरी थंड ठेवायला कूलंटच फिरत असतं. बॉनेट उघडून बघा, बाटली दिसेल.

---

ईव्ही_वाला | 7 जुलै, संध्याकाळी 6:41

आहे. गुलाबी आहे.

---

लिंबूटिंबू_चालक | 7 जुलै, रात्री 10:10

सर्वांचे आभार. पानापक्कड, सकाळी सगळं बघितलं.

रेडिएटर काठोकाठ नव्हता, बोटाचं एक पेर खाली होता. टोपणाचं रबर कडक, कडेला बारीक चीर. ऑइलच्या झाकणाखाली थोडासा पांढरट थर, डिपस्टिक स्वच्छ. धूर सकाळी दोन मिनिटं, मग बंद. वरचा होज सुरुवातीला मऊ, हळूहळू कडक झाला. कार्पेट कोरडं. सौ. म्हणाल्या, आता गाडीचा वास घेत बसणार का.

एक कबुली. तिसऱ्या मेकॅनिकचं मी जवळजवळ दोन वर्षं ऐकलंय. सोसायटीच्या नळाचं पाणी टाकत होतो. उन्हाळ्यात आमच्याकडे बोअर आणि टँकर.

---

निवृत्त_टर्नर | 8 जुलै, सकाळी 6:15

बोअरचं पाणी! अहो, दख्खनच्या काळ्या दगडातलं पाणी ते, क्षारांनी भरलेलं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इंजिनात बसला असणार.

खंबाटकीवरून आठवलं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा, जुना बोगदा आहे तो येतानाचा. 1994 चा मे महिना, तेव्हा बोगदाही नव्हता. चौघे भाऊ एका गाडीत, वर सामान, आणि तिसऱ्या वळणावर खालचा होज फुटला. कंपनीत लेथवर आयुष्य काढलेला माणूस मी, पण हातात ना लेथ ना होज. मागून एक दूधवाला सायकल ढकलत वर येत होता. त्याच्याकडे जुनी ट्यूब होती. तिच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापल्या, ताणून ताणून होजवर गुंडाळल्या, वरून सुतळी करकचून बांधली. मग रेडिएटरचं टोपण पूर्ण न लावता पहिल्या खाचेवर ठेवलं, म्हणजे आत दाबच धरत नाही आणि पट्टीवर जोर येत नाही. पाण्याचे दोन कॅन बरोबर घेऊन तिसच्या वेगाने सातारा गाठलं. पाणी मात्र लगेच ओतलं नव्हतं. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवून सगळे कलिंगड खात बसलो. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जातो.

दूधवाल्याने ट्यूबचे पैसे घेतले नाहीत. कलिंगड घेतलं.

---

सातारी_कंदी | 8 जुलै, सकाळी 8:40

काका, लेख लिहा यावर वेगळा. पूर्वी खंडाळ्याला, कात्रजला, खंबाटकीला उन्हाळ्यात बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांगच असायची. पाण्याचे डबे विकणारी पोरं असायची.

---

चौथा_गिअर | 8 जुलै, सकाळी 9:00

म्हणूनच म्हणतोय, विका.

---

पानापक्कड | 8 जुलै, दुपारी 12:20

@लिंबूटिंबू, हेड गॅस्केटची लक्षणं दिसत नाहीत. टोपण आधी बदला, तेवढ्याच दाबाचं घ्या. जास्त आकड्याचं घेतलं तर जुने होज फुटतील. नाना पेठेत दीड-दोनशेला मिळेल.

तरी गॅस्केटची धास्ती मनातून जात नसेल तर ब्लॉक टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवतात, तिच्यात निळं पाणी असतं, इंजिन चालू ठेवून आतली हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळं पिवळं होतं. निळंच राहिलं तर हेडला हात लावायचा नाही.

मुख्य गोष्ट आता सांगतो. तुम्ही तिन्ही गॅरेजला गाडी चालवत नेलीत. म्हणजे तिथे पोचली तेव्हा गरम. काही गळत्या फक्त थंड गाडीतच दिसतात. गरम झाल्यावर धातू फुगतो, रबर फुगतं, सांधा आपोआप घट्ट होतो. आणि जे काही ठिबकतं ते एक्झॉस्टवर पडून वाळून जातं. तुमचा पेपर कोरडा राहायचं हेच कारण असेल. गाडी रात्री गॅरेजवर सोडा. सकाळी स्टार्ट न करता रेडिएटरला हाताचा पंप लावायला सांगा, टोपणावर असेल तेवढाच दाब द्यायचा, पंधरा मिनिटं काटा बघत बसायचं. काटा खाली आला की टॉर्च घेऊन शोधायचं. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, पंपाचं सील गेलं की तिथून ओघळ येतो, ते बघा. होजची टोकं, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे पत्र्यात दुमडलेली असते ती कड, थर्मोस्टॅटचं घर, आणि इंजिनच्या मागून जाणारा लोखंडी पाइप. तो कुणीच बघत नाही, कारण दिसत नाही.

हा हाताचा पंप ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे या कामाला जाऊ नका.

---

दाढदुखी | 8 जुलै, दुपारी 3:05

दिसत नाही म्हणालात म्हणून. मी दाताची डॉक्टर आहे. आमचा तोंडात घालायचा छोटा आरसा नजर जात नाही अशा जागीसुद्धा पोचतो, मग इंजिनमागे का नाही? मुठीला दोन आइस्क्रीमच्या काड्या बांधून लांब करा. माझ्या भावाने असाच माझा एक ढापलाय आणि तो आता परत नको आहे मला.

---

घाटवाट | 8 जुलै, रात्री 8:30

अवांतर: माझ्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकलाय, म्हणे आपल्या हवेत लागत नाही. काटा आता कायम खाली. चांगलंय ना?

---

पानापक्कड | 8 जुलै, रात्री 9:10

नाही. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो, तोवर इंजिनाला तापू देतो. काढला की इंजिन हायवेला कायम गारठलेलं, पेट्रोल जास्त जाळतं, आतली झीज वाढते. बसवून घ्या.

---

घाटवाट | 8 जुलै, रात्री 9:14

तरीच अॅव्हरेज साडेअकरा.

---

खडकवासला_कालवा | 8 जुलै, रात्री 9:40

आमच्या वडिलांच्या गाडीतही थर्मोस्टॅट नव्हता.

---

शनिवारपेठी | 8 जुलै, रात्री 9:45

वडिलांच्या गाडीत नक्की होतं काय?

---

संपादक_मंडळ | 8 जुलै, रात्री 10:30

कुणाच्या वडिलांवर प्रतिसाद नकोत. तीन प्रतिसाद उडवले आहेत. हळदीवर वेगळा धागा काढावा.

---

लिंबूटिंबू_चालक | 12 जुलै, रात्री 8:50

धागा वर काढतोय.

टोपण बदललं, 180 रुपये. चार दिवसांत पातळी तशीच खाली. म्हणजे टोपण खराब होतं, पण चोर तो नव्हता.

पंप असलेलं गॅरेज शोधायला पाच फोन लागले. शेवटी धायरीत एक छोटा गॅरेजवाला मिळाला. "रात्री सोडा" हे त्यानेच म्हटलं, मी सांगायच्या आधी. काल आधी ब्लॉक टेस्ट झाली. ती नळी मी स्वतः धरून बसलो होतो. पाच मिनिटं बुडबुडे येत होते आणि मी गणपतीचं नाव घेत होतो. निळं ते निळंच राहिलं. बावीस हजार वाचले.

आज सकाळी साडेसातला गेलो. गाडी रात्रभर तिथेच, हात लावला तर गार. त्याने पंप लावला, 0.9 वर काटा नेला आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. तीन मिनिटं काही नाही. सात मिनिटांनी काटा 0.8 वर. पंधरा मिनिटांनी 0.65. वॉटर पंपाखालचं भोक कोरडं, रेडिएटर कोरडा, पुढचे होज कोरडे. मग मी खिशातून आरसा काढला. (दाढदुखी ताई, आमच्या दातांच्या डॉक्टरांकडून आणला, त्यांनी 'कशाला' विचारलं, मी खरं सांगितलं, त्या अजून हसत असतील.) गॅरेजवाल्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आरसा घेतला, टॉर्च तिरका धरला आणि म्हणाला, "हे बघा."

इंजिनच्या मागे, एक्झॉस्टच्या जरा वर, लोखंडी पाइपावर जिथे होज चढवलाय त्या सांध्याला हिरवट-पांढरी खरपुडी, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. तिच्या खालच्या टोकाला एक थेंब. तो सुटायला चाळीसेक सेकंद लागत होते, मी मोजले. सुटला की सरळ गिअरबॉक्सच्या वरच्या खळग्यात. तिथे आधीच्या थेंबांचं वाळून पांढरं पीठ झालेलं. जमिनीपर्यंत एकही पोचत नव्हता. मी मात्र खाली पेपर अंथरत बसलो होतो.

होज काढला तर पाइपाचं तोंड आतून पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटलेलं. नखाने खरवडलं तर तांबडी पूड हातात आली. होजचं रबर चांगलं होतं, पण ज्यावर ते घट्ट बसायचं तो पाइपच खड्ड्याखड्ड्यांचा झालेला. थंडीत खड्ड्यांमधून पाणी, गरम झालं की रबर फुगून बंद. पानापक्कड, तुम्ही गाडी न बघता सांगितलं होतंत.

---

पानापक्कड | 12 जुलै, रात्री 9:20

बोअरचं पाणी आणि लोखंडी पाइप. नुसती क्लिप आवळून सोडलं नाही ना?

---

लिंबूटिंबू_चालक | 12 जुलै, रात्री 9:45

तो म्हणालाच होता, "नवीन क्लिप लावून बघू का?" मीच नको म्हटलं. पाइप नवीन घेतला. मीच नाना पेठेत गेलो, तीन दुकानांत 'नाही', चौथ्यात धुळीने माखलेला एक निघाला. हिशेब देतो, पुढे कुणाला लागेल. पाइप 650, त्याच्या टोकाची ओ-रिंग 40, दोन होज 480, चार क्लिपा 120, कूलंट दोन लिटर 700, मजुरी 1,400. एकूण 3,390.

जुनं पाणी काढलं ते पातळ चहासारखं होतं. बादलीत झाकून ठेवलं, मांजरांची आठवण ठेवून. दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन घेतलं, मग निम्मं कूलंट, निम्मं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. हवा काढायला गाडीचं तोंड रॅम्पवर वर केलं, हीटर पूर्ण चालू, टोपण उघडं, इंजिन चालू. वरचा होज तो हाताने दाबत होता, दर दाबाला बुडबुडा. पंचवीस मिनिटांनी पातळी एकदम खाली बसली, म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. मग पुन्हा भरलं. पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद झाला, तेव्हाच टोपण लावलं.

---

खडकवासला_कालवा | 12 जुलै, रात्री 10:00

मी खडकवासल्याच्या पाण्याचं म्हणालो होतो. बोअरचं नाही.

---

रसायनशाळा | 12 जुलै, रात्री 10:08

मान्य. गंज जरा हळू चढला असता.

---

निवृत्त_टर्नर | 13 जुलै, सकाळी 6:05

जुना पाइप टाकू नका. मला द्या. बाहेरचं माप घेऊन पितळेत एक करून देतो, पुढच्या वेळी पेठेत फिरायला नको.

---

रंकाळा_चौपाटी | 13 जुलै, सकाळी 11:30

हळद टाकली असती तर 20 रुपयांत झालं असतं. 😄 पण मस्त काम, दादा.

---

लिंबूटिंबू_चालक | 21 जुलै, रात्री 9:15

काल वाईला जाऊन आलो. खंबाटकीत ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ अडकलो, एसी बंद केला, काटा जागेवरून हलला नाही. आई मागे बसून मधूनमधून विचारत होती, "काय बघतोस सारखा तिथे?" ढोल्या गणपतीला नारळ फोडला. त्यातला अर्धा गाडीच्या नावाने.

बाटलीवर 'फुल'च्या रेघेशी सौं.च्या नेलपॉलिशने ठिपका मारला होता. आज सकाळी थंड गाडीत बघितलं, ठिपक्याला टेकून आहे.

---

चौथा_गिअर | 21 जुलै, रात्री 9:20

आता विकली तर किंमत बरी येईल.

---

सातारी_कंदी | 21 जुलै, रात्री 9:31

अभिनंदन! आता तरी सांगा, गाडी कुठली?

---

लिंबूटिंबू_चालक | 21 जुलै, रात्री 9:40

पांढरी.